प्रदीपकुमार बॅनर्जी

प्रदीपकुमार बॅनर्जी (२३ जून १९३६, मयनागुडी, जलपायगुडी जिल्हा – २० मार्च २०२०, कोलकाता) हे भारतीय फुटबॉलपटू व प्रशिक्षक होते. 'पीके' या आद्याक्षरांनी ते देशभर ओळखले जात. त्यांच्या हाताखाली खेळलेले खेळाडू त्यांना 'प्रदीपदा' म्हणत. १९६२च्या जाकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघाचे ते आघाडीचे खेळाडू होते, तर १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारतीय संघाचे कर्णधार. खेळातून निवृत्त झाल्यावर ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि भारतीय राष्ट्रीय संघ यांचे प्रशिक्षकपद त्यांनी भूषविले. चुनी गोस्वामी आणि तुलसीदास बलराम यांच्यासह त्यांची गणना भारतीय फुटबॉलच्या सर्वांत गाजलेल्या आक्रमक त्रयीत होते.

जुन्या नोंदींत त्यांचा उल्लेख 'स्ट्रायकर' असा आढळतो. काटेकोरपणे पाहता ते उजव्या बगलेवरून खेळणारे आघाडीपटू होते. त्या काळी पाच आघाडीपटूंची रचना प्रचलित होती आणि तीत बगलेवरच्या खेळाडूने केवळ मध्यभागी चेंडू पुरवावा, अशी अपेक्षा असे. बॅनर्जी चेंडू पुरवीत, तसेच रेषेकडून आत वळून स्वतः गोलही करीत. वेग आणि उजव्या पायाचा जोरकस फटका ही त्यांची मुख्य अस्त्रे होती.

सुरुवातीचे जीवन

बॅनर्जी यांचा जन्म उत्तर बंगालमधील मयनागुडी येथे झाला. शालेय शिक्षणाचा पहिला टप्पा जलपायगुडीच्या जिल्हा शाळेत आणि पुढचा जमशेदपूर येथे पार पडला. जमशेदपूर तेव्हा बिहारमध्ये होते. त्यामुळे या बंगाली मुलाने राज्याच्या संघातून खेळायला सुरुवात केली ती बिहारकडून. वयाच्या पंधराव्या वर्षीच त्यांची बिहारच्या संतोष चषक संघात निवड झाली. १९५४ साली ते कोलकात्यास आले आणि एरियन क्लबकडून खेळू लागले. पुढच्याच वर्षी त्यांनी ईस्टर्न रेल्वेचा संघ गाठला आणि खेळाडू म्हणून उर्वरित सारी कारकीर्द तेथेच काढली.

ईस्टर्न रेल्वे

ही निवड आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटण्याजोगी आहे. कोलकात्याच्या मैदानावर मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या तीन क्लबांचे साम्राज्य होते. प्रेक्षक, प्रसिद्धी, करंडक हे सारे त्यांच्याकडेच. परंतु भारतीय फुटबॉल तेव्हा अधिकृतपणे हौशी होता. क्लबाकडून पगार नसे, दुखापत झाल्यास भरपाई नसे आणि तिशी उलटली की खेळाडू रिकाम्या हाताने घरी जाई. रेल्वे, बंदरे, पोलीस, लष्कर आणि मोठे कारखाने आपल्या संघांसाठी खेळाडूंना नोकरी देत. घरची जबाबदारी असलेल्या तरुणाला त्या नोकरीचे मोल करंडकाहून अधिक होते. बॅनर्जी यांच्यावर तशी जबाबदारी होती. भारतातील सर्वश्रेष्ठ फुटबॉलपटूंपैकी एक असूनही ते तीन मोठ्या क्लबांपैकी एकाही क्लबाकडून कधी खेळले नाहीत. पुढे याच क्लबांच्या इतिहासात प्रशिक्षक म्हणून त्यांचे नाव कायमचे नोंदले गेले, हा योगायोग लक्षणीय आहे.

१९५८ साली ईस्टर्न रेल्वेने कोलकाता लीग जिंकली. संघाचे प्रशिक्षक बाघा सोम होते. तीन मोठ्या क्लबांबाहेरील संघाने ही लीग जिंकण्याची स्वातंत्र्योत्तर काळातील ती पहिलीच वेळ होती. त्या यशाचे खरे माप नंतरच्या इतिहासात सापडते: असा प्रकार पुन्हा घडण्यास २०१९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पीअरलेस संघाने लीग जिंकली तेव्हा १९५८च्या विजयाला एकसष्ट वर्षे झाली होती.

बंगाल आणि रेल्वे या दोन्ही संघांकडून बॅनर्जी यांनी संतोष चषक राष्ट्रीय स्पर्धाही जिंकली.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द

डिसेंबर १९५५मध्ये ढाका येथे झालेल्या चौरंगी स्पर्धेत बॅनर्जी भारताकडून प्रथम खेळले. त्यांचे वय तेव्हा एकोणीस होते. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम होते. पेशाने शिक्षक असलेल्या रहीम यांच्याकडे १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये दारुण पराभव पत्करलेला संघ होता. तेथे युगोस्लाव्हियाने भारताला १०–१ असे हरविले होते आणि भारताचे अनेक खेळाडू अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट घालून खेळणे रूढ झाले आणि संघबांधणीही नव्याने सुरू झाली. बॅनर्जी या नव्या संघाचे अपत्य होते. प्रशिक्षक म्हणून आपण जे काही झालो त्याचे मूळ रहीमसाहेबांत आहे, असे ते पुढे वारंवार सांगत.

मेलबर्न १९५६

मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताची पहिली लढत हंगेरीशी होती. हंगेरीने माघार घेतल्याने ती न खेळताच भारत पुढे गेला. १ डिसेंबर १९५६ रोजी यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४–२ असे नमविले. या सामन्यात मुंबईचे नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक साधणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. चौथा गोल कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांचा होता. वीस वर्षांचे बॅनर्जी या संघात उजव्या बगलेवर होते. उपांत्य सामन्यात डिसोझा यांनीच भारताला आघाडी मिळवून दिली, परंतु युगोस्लाव्हियाने सामना ४–१ असा फिरविला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने भारताला ३–० असे हरविले. भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आशियाई संघाने मिळविलेले तोवरचे ते सर्वोच्च स्थान होते. भारताला तेथवर पुन्हा पोहोचता आलेले नाही.

१९५८च्या टोकियो आशियाई स्पर्धेतही भारत चौथा राहिला.

रोम १९६०

रोम ऑलिंपिकमध्ये संघाचे नेतृत्व बॅनर्जी यांच्याकडे आले. भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू हे संघ होते. हंगेरीविरुद्ध भारत १–२ असा हरला; भारताचा गोल बलराम यांचा होता. फ्रान्सविरुद्ध ७१व्या मिनिटाला बॅनर्जी यांनी गोल करून भारताला आघाडीवर नेले. ही आघाडी जेमतेम अकरा मिनिटे टिकली आणि सामना १–१ असा बरोबरीत सुटला. पेरूविरुद्ध १–३ असा पराभव झाल्याने भारत गटातच बाद झाला. निकालांचा तक्ता पाहता ही कामगिरी सामान्य वाटते, पण युरोपीय संघांशी बरोबरीने खेळणारा भारतीय संघ म्हणून जुने जाणकार मेलबर्नपेक्षा रोमच्या संघालाच अधिक मान देतात आणि ते अवास्तव म्हणता येणार नाही. भारताचा पुरुष फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये खेळला तो हा शेवटचाच प्रसंग.

जाकार्ता १९६२

बॅनर्जी यांच्या खेळाडू म्हणून कारकिर्दीचा कळस म्हणजे चौथी आशियाई क्रीडा स्पर्धा. या विजयाची कथा केवळ मैदानावरची नाही. यजमान इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे भारतीय सदस्य गुरुदत्त सोंधी यांनी त्यास जाहीर आक्षेप घेतला आणि अशा स्पर्धेला 'आशियाई क्रीडा स्पर्धा' म्हणता येणार नाही, अशी भूमिका मांडली. परिणामी जाकार्तात भारताविरुद्ध संतापाची लाट उसळली. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. भारतीय खेळाडू मैदानात उतरले की प्रेक्षकांतून हुर्यो उडविली जाई.

स्पर्धेची सुरुवातही निराशाजनक झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २–० असे हरविले. यानंतर थायलंडला ४–१ आणि जपानला २–० असे नमवून भारताने उपांत्य फेरी गाठली. या दोन्ही सामन्यांत बॅनर्जी यांचे गोल होते. तथापि थायलंडविरुद्ध मध्य बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला मोठी जखम झाली आणि टाके घालावे लागले. रहीम यांनी येथे एक धाडसी डाव टाकला. जखमी जर्नेल यांना घरी बसविण्याऐवजी त्यांनी आघाडीवर खेळविले आणि बचावाची धुरा अरुण घोष यांच्यावर सोपविली. दक्षिण व्हिएतनामविरुद्धचा उपांत्य सामना भारताने ३–२ असा जिंकला. त्यांतील दोन गोल कर्णधार चुनी गोस्वामी यांचे होते आणि एक जर्नेल यांचा.

४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर होता. सेनायन क्रीडागाराच्या सज्जांत सुमारे एक लाख प्रेक्षक होते आणि त्यांतील बहुतेक भारताच्या विरोधात. पाकिस्तानी हॉकीपटूंनी मात्र भारताला प्रोत्साहन दिले, अशी आठवण त्या संघातील खेळाडूंनी सांगितली आहे. १७व्या मिनिटाला बॅनर्जी यांनी पहिला गोल केला. तीनच मिनिटांनी जर्नेल सिंग यांनी दुसरा. सामना संपण्यास पाच मिनिटे असताना कोरियाने एक गोल परत केला, पण गोलरक्षक पीटर थंगराज आणि बचावफळी यांनी उरलेला वेळ निभावून नेला. भारत २–१ असा विजयी झाला. १९५१नंतरचे हे भारताचे आशियाई फुटबॉलमधील दुसरे आणि आजवरचे अखेरचे सुवर्णपदक.

रहीम त्या वेळी कर्करोगाने ग्रासलेले होते. ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. जाकार्तातील सुवर्ण आणि त्यानंतर भारतीय फुटबॉलची झालेली घसरण यांच्यामधली सीमारेषा अनेक इतिहासकार याच तारखेपाशी आखतात.

निवृत्ती आणि गोलांची संख्या

बॅनर्जी यांनी मलेशियातील मर्डेका स्पर्धेतही अनेकदा भारताचे प्रतिनिधित्व केले. तेथे १९५९ आणि १९६४ साली भारत उपविजेता ठरला. १९६६च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारत गटातच बाद झाला. दुखापतींमुळे १९६७ साली त्यांनी खेळातून निवृत्ती घेतली.

भारताकडून ८४ सामने आणि ६५ गोल असा त्यांचा हिशेब सर्वत्र छापला जातो. हे आकडे वापरताना विद्यार्थ्यांनी सावध राहावे. त्यांत परदेशी क्लब, प्रादेशिक निवड संघ आणि दौऱ्यांवरील प्रदर्शनीय सामने मिळविलेले आहेत. दोन देशांच्या पूर्ण संघांमधील अधिकृत सामनेच मोजले तर दोन्ही संख्या पुष्कळच खाली येतात. त्या काळात अशा नोंदी ठेवण्याची शिस्त आपल्याकडे नव्हती. त्यामुळे सुनील छेत्री किंवा भैचुंग भुतिया यांच्या आकड्यांशी बॅनर्जी यांच्या आकड्यांची सरळ तुलना करणे अन्यायाचे ठरते, आणि तो अन्याय दोन्ही पक्षांवर होतो.

प्रशिक्षक

निवृत्तीनंतर बॅनर्जी यांनी प्रशिक्षणाचे रीतसर शिक्षण घेतले. जर्मन प्रशिक्षक डेटमार क्रामर यांच्या मार्गदर्शनाखाली जपानमध्ये फिफाचा अभ्यासवर्ग झाला. १९६९च्या या वर्गात ते सहभागी होते. क्रामर हे जपानी फुटबॉलचे शिल्पकार मानले जातात. त्यांनी घडविलेल्या जपानने १९६८च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले होते. सहा वर्षांपूर्वी जाकार्तात भारताकडून हरलेला हाच तो देश. तेथे विद्यार्थी म्हणून बसताना बॅनर्जी यांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

१९७०च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत जी. एम. एच. बाशा आणि बॅनर्जी या दोघांकडे भारतीय संघाची जबाबदारी होती. कर्णधार सय्यद नईमुद्दीन यांच्या संघाने जपानला १–० असे हरवून कांस्यपदक जिंकले. त्यानंतर आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताला फुटबॉलचे पदक मिळालेले नाही. अखेरच्या सुवर्णाच्या सामन्यात गोल करणारे आणि अखेरच्या पदकाच्या वेळी प्रशिक्षक असणारे गृहस्थ एकच होते.

ईस्ट बंगाल (१९७२–७५)

१९७२ साली बॅनर्जी ईस्ट बंगालचे प्रशिक्षक झाले. हा क्लब त्यापूर्वीची दोन वर्षे लीग विजेता होता, त्यामुळे पडक्या घराची डागडुजी करण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले नव्हते. तरीही पहिल्याच हंगामात संघाने जे केले ते अपूर्व होते: ईस्ट बंगालने संपूर्ण लीगमध्ये एकही गोल न स्वीकारता विजेतेपद मिळविले. त्याच वर्षी आयएफए शील्ड आणि ड्युरंड चषकही त्यांनी जिंकला. मुंबईच्या रोव्हर्स चषकाचे विजेतेपद मात्र मोहन बागानसह विभागून मिळाले.

१९७३ साली आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात उत्तर कोरियाच्या प्योंगयांग सिटी संघाला ईस्ट बंगालने ३–१ असे हरविले. त्या काळी भारतीय क्लबाने परदेशी संघाला अंतिम सामन्यात हरविणे ही दुर्मीळ गोष्ट होती. ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्याच अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानचा ५–० असा पराभव केला. श्याम थापा यांनी त्यांतील दोन गोल केले. या दोन क्लबांमधील सामन्यात इतके मोठे अंतर पूर्वी नव्हते आणि पुढेही झाले नाही. कोलकात्यात हा निकाल खेळापुरता राहिला नाही. पराभूत संघाच्या एका तरुण समर्थकाने आत्महत्या केली. प्रशिक्षकाच्या एका दुपारच्या कामाचे पडसाद कोठवर जात, हे यावरून ध्यानात येते. त्याच वर्षी ईस्ट बंगालची लीग विजेतेपदांची सलग सहावी माळ पुरी झाली. त्यांतील अखेरची चार वर्षे बॅनर्जी यांची होती.

'व्होकल टॉनिक'

बॅनर्जी यांच्या प्रशिक्षणपद्धतीतील सर्वांत प्रसिद्ध गोष्ट म्हणजे सामन्यापूर्वी आणि मध्यंतरात ते खेळाडूंशी करीत ते बोलणे. बंगाली वृत्तपत्रांनी त्याला 'व्होकल टॉनिक' असे नाव दिले आणि ते भाषेत रुळले. नावामुळे हा प्रकार म्हणजे वीरश्रीयुक्त भाषण असावे असे वाटते. परंतु त्यांचे खेळाडू जे सांगतात त्यावरून ते सर्वांना मिळून दिलेले भाषण कमी आणि एकेकट्याला उद्देशून केलेली बातचीत अधिक होती. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाला वृत्तपत्राने हिणविले आहे, कोण प्रतिस्पर्धी क्लबाने नाकारल्याने दुखावला आहे, हे त्यांना ठाऊक असे. त्या त्या खेळाडूशी ते त्याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवून बोलत. त्यांच्या पत्नी आरती यांच्या हातचे जेवण अनेक खेळाडूंनी खाल्ले होते. त्यामुळे या बोलण्यामागे घरोब्याचे बळ होते.

सुभाष भौमिक यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. १९७०च्या कांस्यपदक विजेत्या संघातील हा दणकट आघाडीपटू मोहन बागानला नकोसा झाला आणि १९७३ साली ईस्ट बंगालमध्ये आला तेव्हा त्याचा आत्मविश्वास पार खचलेला होता. बॅनर्जी यांनी त्याला पुन्हा उभे केले. भौमिक पुढे स्वतः प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली ईस्ट बंगालने २००३ साली आसियान क्लब स्पर्धा जिंकली.

या पद्धतीचे टीकाकारही होते. बॅनर्जी यांना नेहमी उत्तमोत्तम खेळाडूंचे संघ मिळाले, शब्दांच्या आतषबाजीने डावपेचांची उणीव झाकली गेली, असा त्यांचा आक्षेप असे. पहिला भाग खरा आहे. दुसऱ्या भागाबद्दल इतकेच म्हणता येते की एकाच शहरातील, एकाच दर्जाच्या दोन संघांत जेव्हा वर्षानुवर्षे बॅनर्जी ज्या बाजूला असत तीच बाजू बहुधा जिंके, तेव्हा केवळ शब्दांवर त्याचा उलगडा होत नाही.

मोहन बागान (१९७६ पासून)

१९७६ साली बॅनर्जी प्रतिस्पर्धी मोहन बागानकडे गेले. आदल्याच वर्षी ज्या क्लबाला त्यांनी पाच गोलांनी लोळविले होते, त्याच क्लबाने त्यांना बोलाविले होते. पहिल्याच वर्षी मोहन बागानने लीग जिंकली. ईस्ट बंगालविरुद्धच्या लढतीत मोहम्मद अकबर यांनी खेळ सुरू होताच, पहिल्या काही सेकंदांतच केलेला गोल आजही सांगितला जातो.

१९७७चा हंगाम त्यांच्या प्रशिक्षककाळातील सर्वांत नाट्यमय ठरला. बलाढ्य संघ असूनही मोहन बागान लीगमध्ये ईस्ट बंगालकडून हरला. समर्थकांचा रोष प्रशिक्षकावर कोसळला. अशा वातावरणात २४ सप्टेंबर १९७७ रोजी पेले यांचा न्यूयॉर्क कॉसमॉस संघ कोलकात्यात आला. ईडन गार्डन्सचे मैदान पावसाने चिखलमय झाले होते. पेले यांना रोखण्याचे काम मध्यफळीतील गौतम सरकार यांच्याकडे होते. कार्लोस आल्बेर्तो यांनी कॉसमॉसला आघाडी मिळवून दिल्यावर श्याम थापा आणि मोहम्मद हबीब यांच्या गोलांमुळे मोहन बागान २–१ असा पुढे गेला. शेवटी वादग्रस्त पेनल्टीवर किनाल्या यांनी बरोबरी साधली. सामना प्रदर्शनीय होता आणि पेले कारकिर्दीच्या अखेरच्या आठवड्यांत होते, हे विसरून चालणार नाही. परंतु खचलेल्या संघाला त्या २–२ने जो धीर दिला तो पुढच्या काही दिवसांतच दिसला. शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट बंगालला १–० असे नमविले. मग मुंबईत रोव्हर्स चषक आणि दिल्लीत ड्युरंड चषक जिंकून एकाच हंगामात तिहेरी मुकुट मिळविला. बॅनर्जी यांचे धाकटे बंधू प्रसून या संघातून खेळत होते. ते पुढे भारताचे कर्णधार आणि हावड्याचे खासदार झाले.

१९७८ साली सोव्हिएत संघातील अरारात येरेवान या क्लबाशी अंतिम सामना २–२ असा बरोबरीत सोडवून मोहन बागानने शील्डचे संयुक्त विजेतेपद मिळविले.

मुंबईकर फुटबॉलप्रेमींना बॅनर्जी यांची ओळख मुख्यतः रोव्हर्स चषकामुळे झाली. १८९१ साली सुरू झालेल्या या स्पर्धेसाठी कोलकात्याचे क्लब दरवर्षी कूपरेज मैदानावर येत. १९७२ ते १९७७ या सहा वर्षांत, १९७४ साली गोव्याच्या डेम्पो क्लबाने मिळविलेले विजेतेपद सोडल्यास, हा चषक प्रत्येक वेळी बॅनर्जी यांच्या संघाकडे गेला.

राष्ट्रीय संघ

राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी वेगवेगळ्या काळात काम केले, पण क्लबांसारखे यश तेथे लाभले नाही. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेकडून देशाला मोठ्या आशा होत्या. भास्कर गांगुली यांच्या नेतृत्वाखालील संघाने बांगलादेश आणि मलेशिया यांना हरविले, चीनशी २–२ अशी बरोबरी केली आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. तेथे सामना संपत आला असता सौदी अरेबियाने केलेल्या एकमेव गोलाने भारताचे आव्हान संपले. जवाहरलाल नेहरू क्रीडागारातील तो सामना दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या पिढीच्या मनात अजूनही सलतो.

या अपयशाचा सारा भार प्रशिक्षकावर टाकता येत नाही. क्लबांना खेळाडू लीगसाठी हवे असत, संघटनेला ते दीर्घ शिबिरांसाठी हवे असत आणि या ओढाताणीत बळी जाई तो सरावाचा. शिवाय जपान, कोरिया आणि पश्चिम आशियाई देश व्यावसायिक फुटबॉलकडे वळत असताना भारतात कचेरीची नोकरी सांभाळून खेळण्याचीच रीत चालू होती. ज्या व्यवस्थेने पीकेंना आधार दिला, तिच्याच मर्यादांशी प्रशिक्षक पीकेंना झुंजावे लागले.

टाटा फुटबॉल अकादमी

१९९१ ते १९९७ या काळात बॅनर्जी जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीचे तांत्रिक संचालक होते. १९८७ साली स्थापन झालेली ही निवासी संस्था भारतातील अशा प्रकारच्या पहिल्या संस्थांपैकी आहे. कार्ल्टन चॅपमन, रेनेडी सिंग यांसारखे पुढे भारताकडून खेळलेले खेळाडू येथे घडले. ज्या गावी शाळकरी वयात बॅनर्जी फुटबॉल खेळले, त्याच गावी ते शिक्षक म्हणून परतले होते.

१३ जुलै १९९७

साठी ओलांडल्यावर बॅनर्जी पुन्हा ईस्ट बंगालकडे आले. समोर मोहन बागानचे प्रशिक्षक म्हणून त्यांचे जुने प्रतिस्पर्धी अमल दत्त उभे होते. १९७७च्या लीगमध्ये मोहन बागानला हरविणाऱ्या ईस्ट बंगालचे प्रशिक्षक दत्तच होते. दोघांचे स्वभाव भिन्न होते. दत्त हे भारतातील पहिले पूर्णवेळ व्यावसायिक प्रशिक्षक. इंग्लंडमध्ये शिकलेले, डावपेचांचे अभ्यासक आणि जिभेचे तिखट. मध्यफळीची चौकोनी मांडणी असलेली त्यांची 'डायमंड' रचना त्या हंगामात गाजत होती. फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यापूर्वी त्यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची जाहीर टिंगल केली. भैचुंग यांना 'चुंगचुंग', ओमोलो यांना 'ऑम्लेट', तर सोसो यांना 'शशा' म्हणजे बंगालीत काकडी अशी नावे ठेवली. वृत्तपत्रांना खाद्य मिळाले. बॅनर्जी यांनी प्रत्युत्तर दिले नाही. ती कात्रणे आपल्या खेळाडूंच्या मनावर काय परिणाम करतील हे त्यांना नेमके ठाऊक असणार.

सॉल्ट लेकच्या विवेकानंद युवा भारती क्रीडांगणात त्या दिवशी १ लाख ३१ हजारांहून अधिक प्रेक्षक होते. भारतातील कोणत्याही क्रीडा सामन्याच्या उपस्थितीचा हा उच्चांक मानला जातो. ईस्ट बंगालने सामना ४–१ असा जिंकला आणि भैचुंग भुतिया यांनी हॅटट्रिक साधली. अंतिम सामन्यात मात्र गोव्याच्या साळगावकर क्लबाने ईस्ट बंगालला २–१ असे हरवून चषक नेला. ही गोष्ट कोलकात्यात फारशी सांगितली जात नाही.

पुरस्कार आणि सन्मान

अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला आणि त्याच वर्षी फुटबॉलसाठी त्याचे पहिले मानकरी बॅनर्जी ठरले. १९९० साली भारत सरकारने त्यांना पद्मश्रीने गौरविले. फिफाने आपल्या शताब्दीनिमित्त २००४ साली त्यांना 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा सन्मान दिला.

अखेरचा काळ

उतारवयात बॅनर्जी यांना कंपवात आणि स्मृतिभ्रंश यांनी ग्रासले होते. न्यूमोनियामुळे त्यांना कोलकात्यातील रुग्णालयात दाखल करण्यात आले आणि दीर्घ आजारानंतर २० मार्च २०२० रोजी, वयाच्या ८३व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कोरोना साथीच्या निर्बंधांना तेव्हा सुरुवात झाली होती. एरवी मैदानावर लोटला असता तसा जनसमुदाय त्यांच्या अंत्ययात्रेला लाभू शकला नाही. चाळीसएक दिवसांनी, ३० एप्रिल रोजी, चुनी गोस्वामीही गेले. मुंबईकरांना गोस्वामी आणखी एका कारणाने ठाऊक होते: १९७१–७२च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईकडून हरलेल्या बंगालचे ते कर्णधार होते. त्रयीतील तिसरे, तुलसीदास बलराम, यांचे निधन १६ फेब्रुवारी २०२३ रोजी झाले.

रहीम यांच्या जीवनावरील 'मैदान' हा अजय देवगण यांची प्रमुख भूमिका असलेला हिंदी चित्रपट २०२४ साली प्रदर्शित झाला. त्यात बॅनर्जी यांची व्यक्तिरेखा आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ त्यांचा जन्मदिवस, २३ जून, हा 'ग्रासरूट्स दिन' म्हणून पाळतो.